काटा वर, टाकी रिकामी

वळ, ता. भिवंडी
२० नोव्हेंबर १९७४

ती. दामूदादा यांस,
हिरामणचा नमस्कार. माझं पत्र आलं म्हणजे काहीतरी मागणं असणार, हे तुम्ही पाकीट न फोडताच ओळखलं असेल. बरोबर ओळखलंत. घरची माणसं सगळी खुशाल आहेत, गाडीची तब्येत तेवढी बिघडली आहे.

ट्रक माझ्याकडे येऊन तीन वर्षं झाली तरी तोंडात 'दादाची गाडी' असंच येतं, म्हणून तक्रारही तुमच्याकडेच. तिचा डिझेलचा काटा मला समजेनासा झाला आहे. संध्याकाळी गाडी अंगणात लागली की मी स्वतः चावी फिरवून बघतो. काटा पाऊण टाकी दाखवतो. सकाळी रघू गाडी काढतो, सहा-सात मैल जातो, काटा तळाला बसतो आणि गाडी खोकून उभी राहते. टाकी कोरडी ठणठणीत. महिन्याभरात तीनदा झालं. पहिल्यांदा माणकोलीला, दुसऱ्यांदा कशेळीच्या पुलावर, आणि परवा अंजूर फाट्याला, सुताच्या पेट्या भरलेल्या असताना. डबा घेऊन पंपावर चालत जा, डिझेल आणा, मग इंजिनातली हवा काढत बसा, यात अर्धा दिवस गेला. ज्याचं सूत होतं तो कारखानदार म्हणाला, पुन्हा असं झालं तर मी दुसरी गाडी बघतो.

नाक्यावरचा वायरमन म्हणतो काटाच नवा बसवा. पण या गाडीची नाडी तुमच्याइतकी कुणाला कळत नाही. सोळा वर्षं तुम्ही ती चालवलीत. मी स्वतः आलो असतो, पण भाताची झोडणी चालू आहे, खळं सोडून हलता येत नाही. सवडीनं दोन ओळी लिहा. आणि एक विचारतो, रात्रीतून डिझेल आपोआप कमी होतं का हो?

तुमचे जावई रघू बरे आहेत. मैना बाळंतपणाला तुमच्याकडे आली, त्यामुळे वहिनींना हाताशी माणूस झालं असेल.

तुमचा,
हिरामण


अकलोली
२६ नोव्हेंबर १९७४

चि. हिरामण यास आशीर्वाद.
डिझेल म्हणजे दूध नव्हे, रात्रीतून उतू जायला. टाकी गळत असेल तर अंगणात डाग पडेल. डाग नसेल तर गळत नाही. इतकं तरी तुला कळायला हवं होतं.

नवा काटा घेऊ नकोस. वायरमनला काटे विकायचे आहेत. टाकीच्या डोक्यावर एक गोल झाकण आहे, पाच स्क्रूचं. त्याच्या खाली टाकीत एक दांडी आणि दांडीला तरंगता गोळा. डिझेल जसं खालीवर होतं तसा गोळा खालीवर होतो, आणि झाकणावरची एक वायर ती खबर काट्याला देते. आता असं कर. इंजिन बंद ठेव, चावी फिरव. एक माणूस काट्यासमोर बसव. तू ती वायर सोड आणि हवेत धर. काटा पूर्ण वर गेला पाहिजे. मग तेच टोक चासीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, उघड्या लोखंडाला लाव. काटा पूर्ण खाली आला पाहिजे. दोन्ही झालं तर काटा आणि वायर ठीक. त्यातलं एक जरी झालं नाही तर त्या दोहोंपैकी काहीतरी गेलं.

एवढं कर आणि काय दिसलं ते लिही. पुढचं मग सांगतो. अर्ध्यावर थांबून डोकं लढवू नकोस, तुझी ती खोड आहे.

आणि काठी कुठे गेली? मी टाकीत बुडवायची वेळूची काठी ठेवली होती, खाचा पाडलेली. काटा बोलो न बोलो, काठी बुडवल्याशिवाय मी कधी गाडी काढली नाही.

मैनेला आठवा सरत आला आहे. रघूरावांना म्हणावं सवड काढून एकदा येऊन जा. माझे गुडघे इथल्या गरम कुंडाच्या पाण्यानं पुष्कळ बरे आहेत.

दामू


वळ
२ डिसेंबर १९७४

ती. दादा,
आधी तुमच्या अक्षराबद्दल. पूर्वी तुमचं पत्र आलं की आम्ही चौघं मिळून लावायचो, तरी दोन ओळी राहायच्या. आता मोत्याचे दाणे! अकलोलीच्या पाण्याचा गुण गुडघ्यांपेक्षा हाताला जास्त आलेला दिसतो. मीही चार दिवस येऊन कुंडात हात बुडवून बसावं म्हणतो.

आता कामाचं. तुम्ही सांगितलं तस्सं केलं. शेजारच्या नवशाला काट्यासमोर बसवलं, मी टाकीपाशी. वायर हवेत धरली, नवशा ओरडला, फुल्ल. चासीला लावली, ओरडला, खाली. दहा वेळा केलं, दहा वेळा तेच. म्हणजे काटा खरा आणि वायर खरी. अंगणात डागही नाही.

मग खोटं कोण, दादा? मागच्या पत्रात मी तुमच्यापासून एक लपवलं होतं, ते आज लिहितो. दिवाळीआधी मी टाकीच्या झाकणाला कुलूप बसवलं. चावी माझ्या कमरेच्या करगोट्याला. तुमची काठी मीच टाकून दिली, तिच्याबरोबर कचरा टाकीत जातो म्हणून. तेव्हा वरून कुणी डिझेल काढू शकत नाही. पण टाकीच्या बुडाला डिझेल काढायचा नट आहे आणि तो कुठे आहे हे गाडीवर वाढलेल्या माणसालाच ठाऊक. संध्याकाळी काटा वर, सकाळी गाडी एकट्या रघूच्या हातात, आणि सहा मैलांवर टाकी रिकामी. तुम्हीच सांगा माणसानं काय समजावं.

अंजूर फाट्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, निंगालो तवा काटा वरच व्हता. खड्ड्यात गाडी आदळली नि काटा येकदम खाली बसला." मी म्हटलं, डिझेल काय खड्ड्यात सांडलं? मी त्याला गाडीची चावी ठेवायला सांगितलं. त्यानं ती खुंटीला लावली, सीटखालचा आपला टॉवेल घेतला आणि गेला. एक शब्द बोलला नाही. खरा असता तर भांडला असता. मी त्याच्या जागी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं. आता तो धामणकर नाक्याजवळ एका कारखान्यात कापडाच्या लूमवर लागला आहे, असं ऐकतो. गाडी नवशा चालवतो.

घरचा जावई, म्हणून मी पोलिसात वगैरे गेलो नाही. पण हे मैनेला कळू देऊ नका. तिचे दिवस भरत आले आहेत, अशा वेळी मनाला लावून घेईल. पत्र वाचून झालं की चुलीत घाला.

तुमचा,
हिरामण


अकलोली
६ डिसेंबर १९७४

हिरामणकाकांना मैनेचा नमस्कार.
बाबांना दिवाळीपासून दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. तुम्हाला कळवायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद होती, कारण मग तुम्ही गाडीचं काही विचारणार नाही असं त्यांना वाटत होतं. म्हणून तुमची पत्रं मी वाचून दाखवते आणि त्यांची मी लिहिते. परवा अक्षराचं कौतुक आलं तेव्हा आम्ही बापलेक पोट धरून हसलो. मग मी पुढे वाचत गेले. बाबा ओटीवर, आई दारात. मध्ये थांबले असते तर त्यांना कळलं असतं, म्हणून थांबले नाही. "हे मैनेला कळू देऊ नका" हेही मोठ्यानं वाचलं. पत्र चुलीत घातलेलं नाही.

ह्यांनी मला लिहिलं होतं की लूमवर बांधलेली ड्युटी मिळाली, म्हणून ट्रक सोडला. म्हणजे तुम्ही मला जपलंत आणि त्यांनीही जपलं. दोघांनी मिळून एवढं जपलं की माझ्या घरात काय चाललं आहे हे मला गाडीच्या पत्रातून कळलं.

ते भांडले नाहीत म्हणून ते चोर, असं तुम्ही लिहिता. काका, तुम्ही त्यांचे चुलतसासरे. माझं लग्न ठरवायला तुम्ही पुढे होतात. जावयानं सासऱ्याच्या तोंडाला तोंड द्यायचं असतं का? दिलं असतं तर तुम्हीच म्हणाला असतात, मुलगा उद्धट निघाला.

त्यांनी चोरी केली नाही हे मला ठाऊक आहे. पण बायकोच्या ठाऊक असण्याला कोण विचारतं! तुमचा विश्वास काट्यावर आहे, तर काट्यालाच पुरतं विचारा. माझ्या बाळाच्या बापाला चोर म्हणायचं की नाही, ते त्यातून ठरू दे. यापुढचं बाबा सांगताहेत तसं लिहिते.

हिरामण, अर्ध्यावर थांबू नकोस म्हणून सांगितलं होतं. तू काटा तपासलास आणि वायर तपासलीस. टाकी कुठे तपासलीस? वायर एकच असते, म्हणून वीज परत जाते ती टाकीच्या लोखंडातून चासीला. त्याला अर्थ म्हणतात. टाकी चासीवर रबराच्या पट्ट्यांवर बसते, म्हणून तिला अर्थची वेगळी पट्टी आहे, मागच्या बाजूला, एका बोल्टखाली. ती पट्टी लोखंडाला नीट टेकली नाही तर काट्याला वाटतं टाकी भरलेली आहे. कधी धक्क्यानं टेकली तर काटा एकदम खरं बोलतो. खड्ड्यात आदळल्यावर काटा खाली बसला, असं जावई म्हणाले ना? ते ऐकूनच तुझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता.

गाडी उभी असताना काटा वर दाखवत असेल तेव्हा हे कर. वायर जागच्या जागी राहू दे. दुसरी एक वायर घे. तिचं एक टोक टाकीच्या त्या गोल झाकणाच्या उघड्या लोखंडावर दाब, दुसरं चासीवर. काटा हलला नाही तर दांडी बाहेर काढ, गोळा वरच अडकून बसतो का ते हलवून बघ. पण काटा खाली आला तर अर्थ गेला, आणि टाकीत कधी तेवढं डिझेल नव्हतंच.

दसऱ्याला गाडी रंगवलीस का? कुणी रंगवली? टाकी खाली उतरवली होती का? हे लिही.

मैना


वळ
११ डिसेंबर १९७४

ती. दादा आणि चि. मैना,
तुमचं पत्र मी काल दुपारी वाचलं आणि तसाच उठलो. नवशाला बसवलं. काटा पाऊण टाकीवर होता. मी दुसरी वायर झाकणाला दाबली आणि चासीला टेकवली. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "काका, तुमीच येऊन बघा." त्याला वायर धरायला लावून मी केबिनमध्ये गेलो. काटा तळापाशी होता. वायर काढली की वर, लावली की खाली. मग करगोट्याची चावी काढून कुलूप उघडलं, अंगणातली एक काटकी पुसून बुडवली. चार बोटं डिझेल. पाऊण टाकी म्हणून मी परवापासून भरलं नव्हतं.

दसऱ्याचं विचारलंत. या वर्षी मी हौसेनं गाडी पुरती रंगवून घेतली. लडकू पेंटरला टाकी उतरवायला लावली, तिच्यावर कमळ काढायला सांगितलं, आणि वर म्हटलं की एक बोटभर जागा रंगावाचून सुटता कामा नये. त्यानं सुटू दिली नाही. मागचा बोल्ट, त्याच्या खालचं लोखंड, सगळ्यावर लाल रंगाचे दोन हात, आणि त्यावर ती पट्टी. मग गाडीची पूजा केली, हार घातला, आणि त्यानंतर पंधरा दिवसांत गाडी पहिल्यांदा उभी राहिली. पॉलिश पेपरनं बोल्ट घासून पांढरा केला, पट्टी घट्ट केली. आता काटा खरं बोलतो. कालपासून गाडी आदळूनही बघितली.

रात्रीतून डिझेल कुणी नेलंच नव्हतं. काटा वर दिसायचा म्हणून मी भरत नव्हतो, आणि कुलूप माझं म्हणून दुसऱ्या कुणाला बघता येत नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण वळसा घालणारा निदान दुसऱ्याला चोर म्हणत नाही.

आणखी एक आहे, तेही लिहितो. रघूला चावी ठेवायला सांगितली त्याच दिवशी मी धामणकर नाक्यावर चहा प्यायला थांबलो होतो. पाच-सात ड्रायव्हर होते. कुणीतरी विचारलं, हिरामणशेठ, गाडी सारखी बंद का पडते? मी म्हणालो, "घरचाच जावई टाकी प्यायला." सगळे हसले. मीही हसलो.

मैना, मला तुझ्यासमोर तोंड दाखवायची लाज वाटते. नवशाबरोबर रघूला निरोप धाडतो की झालं गेलं विसर आणि गाडीवर परत ये.

हिरामण


अकलोली
१६ डिसेंबर १९७४

चि. हिरामण,
निरोप धाडू नकोस. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, ती तू नाक्यावर लावलीस. तेव्हा आधी नाक्यावर जा. त्याच टपरीवर, माणसं असतील तेव्हा. मग रघूरावांकडे जा, एकटा, पायी. जावई कामावर असतील तर कामावर जा. ते तुझ्याकडे येणार नाहीत.

काटा दुरुस्त केलास, चांगलं केलंस. बोल्टला गंज चढू नये म्हणून वर थोडं ग्रीस लाव.

तुझी वहिनी पार्वती तुझ्यावर फार रागावली आहे. मैना काही बोलत नाही, हे तिनं स्वतःच लिहिलं आहे.

दामू


वळ
२४ डिसेंबर १९७४

ती. दादा आणि चि. मैना,
रविवारी गेलो. टपरीवर तेच ड्रायव्हर नव्हते, दोघे होते, बाकी नवे. तरी बोललो. काट्याचं, रंगाचं, पट्टीचं सगळं सांगितलं. चहावाला म्हणाला, "शेठ, ते आमी कधीच इसरलो." मी म्हटलं, विसरू नका, आता हे लक्षात ठेवा.

मग कारखान्यात गेलो. तुम्ही कधी चालू लूमच्या मध्ये उभे राहिला आहात का? चाळीस लूम एकदम धडधडत होते, स्वतःचा शब्द स्वतःला ऐकू येत नव्हता. रघू दोन लूमच्या मध्ये उभा होता, कानावर रुमाल बांधलेला, अंगभर सुताचे पांढरे तंतू. मला बघून नमस्कार केला आणि तुटलेला धागा जोडायला वाकला. मी घरून शब्द जुळवून नेले होते, हळू आवाजात बोलायचे. ते तिथे काय कामाचे? मी ओरडलो, रघू, तू चोरी केली नाहीस, चूक माझी. त्यानं कानाला हात लावला. पुन्हा ओरडलो. तोवर लूमवर देखरेख करणारा जॉबर आला, उत्तरेकडचा म्हातारा माणूस. त्यानं विचारलं, "क्या बोल रहे हो, चाचा?" मग मी हिंदीतही ओरडलो, ये चोर नहीं है, मैंने झूठा इल्जाम लगाया. आसपासचे लूमवाले मान वर करून बघायला लागले. त्या सगळ्यांना रघूवर कसला आळ होता हे ठाऊकच नव्हतं, दादा. ते मी ओरडून ठाऊक करून दिलं.

म्हाताऱ्यानं दोन लूम बंद केले आणि रघूला पाच मिनिटांची सुट्टी दिली. आम्ही बाहेर येऊन भिंतीला टेकलो. मी हात जोडायला गेलो, त्यानं ते धरून खाली केले. गाडीवर परत ये म्हटलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. मी विचारलं, अजून राग आहे का? त्यानं बाहीवरचे तंतू झटकले. मग म्हणाला, "राग न्हाय, काका. आजपातुर मला कुणी चोर म्हनत न्हवतं, नि इमानदार बी म्हनत न्हवतं. आता जो तो इमानदार म्हनल. मला ते आदीचंच बरं व्हतं."

तो आत गेला आणि त्याचे दोन लूम पुन्हा सुरू झाले.

दादा, तुम्ही सांगितलंत ते सगळं मी केलं. पण बोल्ट घासला की काटा खरं बोलतो, तसं इथे होत नाही. तुमचा जावई मी तुम्हाला होता तसा परत देऊ शकत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. मैनेचं बाळंतपण झालं की कळवा. तुमच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला गाडी घेऊन मी येईन, ते मात्र नाही म्हणू नका. बारशाला बोलवाल की नाही, हे विचारण्याचा मला हक्क नाही. बोलावलंत तर वळहून माणसं आणायला गाडी देईन.

हिरामण


अकलोली
१२ जानेवारी १९७५

ती. हिरामणकाका यांना रघूचा नमस्कार.
बुधवारी सकाळी मैना सुखरूप बाळंत झाली. मुलगी आहे. दोघी ठीक आहेत. मी चार दिवसांची रजा काढून आलो आहे. मैना बाजेवर आहे आणि बाबांना दिसत नाही, म्हणून हे कार्ड मीच लिहितो. माझं शिक्षण चौथी, चुकलं तर सांभाळून घ्या.

बारसं येत्या रविवारी, एकोणीस तारखेला आहे. तुम्हाला बोलवायचं की नाही यावर घरात कुणी काही बोलत नव्हतं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. म्हणून मीच सांगितलं की बोलवा.

तुम्ही गाडी देणार असं मैनेनं तुमचं पत्र वाचून सांगितलं. वळहून माझी आई बायजाबाई, मावशी आणि भावकीतली दहा-बारा माणसं यायची आहेत. लूमवरची ड्युटी मी सोडणार नाही, आणि गाडीही आता चालवणार नाही, ती नवशानं चालवावी. उद्या रजा संपते, मी भिवंडीला परत जातोय. रविवारी सकाळी मला धामणकर नाक्यावर, त्याच टपरीपाशी घ्या. मी पुढे तुमच्या शेजारी बसेन.

टाकीत डिझेल किती आहे, ते मी विचारणार नाही.

रघू